घाट आहे म्हणून

"रत्नागिरीलाच का आलात?"

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी दारात उभी, खांद्यावर बॅग, घामाने निथळतेय, आणि हा माणूस उंबरठ्यात आडवा उभा राहून चौकशी करतोय. म्हटलं, बदली झाली. तर म्हणाले, "झाली की करून घेतलीत?" झाली, म्हटलं. "कुणाच्या जागी?" एका बाईंच्या. "मग त्या बाई कुठं गेल्या?" गुहागरला. "त्यांनी मागितली होती काय?" आता मला काय ठाऊक! मी आंजर्ल्याची, शाळेत गणित शिकवणारी साधी बाई. माझ्या बदलीमागे एवढं मोठं कारस्थान असू शकतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शेवटी त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, बॅगेकडे बघितलं, आणि म्हणाले, "वरची खोली घ्या. पण सांगून ठेवतो, माझं लक्ष असतं."

लक्ष होतंच. मांडवीतल्या त्या घराच्या पडवीत काकांची खुर्ची अशी ठेवलेली होती की रस्ता, फाटक, माझा जिना आणि शेजारच्यांची विहीर एका नजरेत यावी. गल्लीतली पोरं त्यांना मागून 'चौकशी खिडकी' म्हणत. हे काकांना ठाऊक होतं. नाव कुणी ठेवलं याची चौकशी त्यांनी अर्थातच केलेली होती.

उभं आयुष्य एसटीत तिकीट तपासण्यात गेलेला माणूस. घाटातल्या एखाद्या आडवळणावर, जिथे कुत्रंही उभं राहणार नाही अशा जागी, हे दबा धरून बसायचे आणि गाडी दिसली की हात करायचे. ते किस्से सांगायला लागले की चहा गार व्हायचा. "माणूस तिकीट शोधायला लागला ना बाई, की त्याच्या खिशाकडे बघायचं नाय. डोळ्यांकडे बघायचं. तिकीट असलेला माणूस वैतागतो. नसलेला हसतो." निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. सुट्टी संपवून मी आंजर्ल्याहून परत आले की फाटकातच विचारायचे, "सकाळच्या गाडीनं आलात काय? तिकीट आहे?" सुरुवातीला मला असा संताप यायचा! पुढे पुढे मी मुकाट्याने तिकीट काढून हातावर ठेवायला लागले. शाळेची सहल वेळणेश्वरला गेली होती तेव्हा मात्र मला म्हणाले, "देवाला गेलात की समुद्रावर?" दोन्हीकडे, म्हटलं. "पण आधी कुठं?"

मासळीवाल्या बाईपाशी तर बघायलाच नको. कल्ले उचलून सगळेच बघतात, काका त्यापुढे जायचे. कुठल्या होडीतला, होडी कधी लागली, बर्फ कुठला. शेवटी एक दिवस ती वैतागून ओरडली, "आता बांगड्यालाच इचारा, कुठं पवत होतास म्हणून!" सगळी गल्ली हसली. काका हसले नाहीत. त्यांनी बांगडा घेतला नाही आणि मला जिन्यात गाठून सांगितलं, "बघितलंत? चिडली. पाणी मुरतंय."

पाणी मुरतंय, हे त्यांचं पालुपद. दूध पातळ आलं, पाणी मुरतंय. दूध घट्ट आलं, तर जास्तच मुरतंय. सरकारनं बायकांना एसटीत अर्धं तिकीट केलं त्या दिवशी मी खुशीत होते, तर हे म्हणाले, "अर्धं उगाच कोण देतंय हो? उरलेलं कुठनं तरी काढणारच." आणि खरं सांगते, अशा माणसाच्या घरात राहिलं की आपल्यालाही ते लागतं. वर्षभरात मी दुधाची पिशवी उलटीपालटी करून बघायला लागले. वर्गात एखाद्या मुलाचं गणित बरोबर आलं की आधी शेजारच्याची वही बघायला लागले. आई म्हणाली, अगं तुला झालंय काय?

काकांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, ती कोल्हापूरला दिलेली. म्हणजे तिनंच ठरवलेलं, काकांनी नंतर मान हलवलेली. मान हलवण्याआधी हे गृहस्थ गुपचूप कोल्हापूरला जाऊन आले आणि मुलाच्या गल्लीतल्या न्हाव्यापासून रेशन दुकानदारापर्यंत सगळ्यांकडे चौकशी करून आले. न्हावी नेमका नवऱ्या मुलाच्या चुलत्याचा दोस्त निघाला. लग्न झालं, पण व्याही मंडळींच्या मनात ते राहिलं.

त्याहून वाईट झालं ते पहिल्या दिवाळसणाला. जावई घरात, पाटावर बसलेला, फराळ पुढ्यात. आणि काकांनी त्याच्या डोळ्यांदेखत लोखंडी कपाटाला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली करगोट्याला अडकवली. आता हे ते रोजच करतात. दात घासल्यासारखं. माझ्यासमोर करतात, देवासमोर करतात, घरात कुणी नसलं तरी करतात. पण जावयाला कसं कळावं? तो ताटावरून उठला नाही, सगळं नीट खाल्लं, नमस्कार केला आणि गेला. त्यानंतर त्या घरातून इकडे कुणी आलं नाही.

हे मला काकांनी सांगितलं नाही, शेजारच्या वहिनींनी सांगितलं. काकांची गोष्ट वेगळी होती. दर रविवारी मुलीचा फोन यायचा. काका पडवीत उभे राहून मोठ्याने बोलायचे, म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू जावं असं. "हो, हो. नको नको, घाट फार वाईट हाय. पोरीला लागते ना गाडी? मग नकोच. तब्येत सांभाळा." फोन ठेवून मला वर बघून सांगायचे, "नातीला गाडी लागते हो घाटात. आंब्याचा घाट म्हणजे काय, मोठ्यांची आतडी बाहेर येतात. त्यामुळे जमत नाय त्यांना." मी म्हणायचे, खरंय काका. नात बालवाडीत जायला लागली होती आणि काकांनी तिला एकदाही बघितलेलं नव्हतं.

आणि असं सगळं असताना रत्नागिरी ते कोल्हापूर मोठ्या रस्त्याची गोष्ट निघाली. सरळ, रुंद, डोंगर पोखरून बोगद्यातून जाणारा, घाटाचं नावच नको असा. जेट्टीजवळच्या चहाच्या टपरीवर महिनोन्महिने दुसरा विषय नव्हता. एक गट म्हणायचा, पेशंट घाटात दगावतात, कोल्हापूरचा दवाखाना जवळ येईल, आंबा सकाळी तोडला की दुपारी बाजारात. दुसरा गट म्हणायचा, आंबा जाईल तर खरा, पण आधी आंब्याची झाडं जातील. कातळ फोडला की झरे आटतील, मग ट्रक बघत बसा. दोन्ही गटांचं मला पटायचं. मी गणिताची बाई, पण हे गणित काही मला सुटायचं नाही.

काकांना दोन्ही गट संशयास्पद वाटत. रस्ता हवा म्हणणाऱ्याला ते विचारत, "तुझी जागा कुठाय रे त्या बाजूला?" नको म्हणणाऱ्याला विचारत, "कुणी शिकवलं तुला?" त्यांचं स्वतःचं म्हणणं असं, की हा रस्ता माणसांसाठी नाहीच. आंब्यासाठीही नाही. बंदरातून काहीतरी न्यायचंय. काय न्यायचंय? "ते सांगत नायत ना! सांगितलं असतं तर एवढा संशय आला असता काय?" कपाळ माझं!

रस्ता त्यांच्याच गावावरून जाणार होता. पालीच्या पुढे, आत डोंगराला लागून त्यांचं गाव. गावाच्या वर कातळाचा मोठा सडा, कडेला देवळाची राई, उतारावर काकांची हापूसची कलमं. मोजणीवाले आले तेव्हा काका मुद्दाम गावी जाऊन बसले. त्यांना चहा दिला, पण अंगणाबाहेर दिला, आणि ते गेल्यावर कपबशा उलट्या करून बघितल्या. मोजणीवाल्यांनी कलमांवर लाल रंगाने आकडे टाकले होते. हे रॉकेल आणि काथ्या घेऊन एकेक झाड घासत बसले. पुढच्या खेपेला त्यांनी पुन्हा आकडे टाकले, ह्यांनी पुन्हा घासले. गावाकडून परत आले की अंगाला रॉकेलचा वास, नखांत लाल रंग, आणि तोंडावर समाधान.

एकदा टपरीवर शेजारचे भाऊ सहज म्हणून गेले, "काका, तुम्ही तरी कशाला आडवे येता? रस्ता झाला तर तुमचाच फायदा. लेक सकाळी निघेल, जेवायला इथे. नातीला उलटी नाही की काही नाही." मी तिथेच होते. मला वाटलं आता काका त्यांचीही चौकशी काढतील. पण काकांनी अर्धा भरलेला ग्लास बाकावर ठेवला आणि उठून घरी गेले. चहा टाकून गेलेला हा माणूस मी तोवर बघितलेला नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा संशय आला, की ह्या माणसाला रस्ता नको आहे ते बंदरापायी नाही आणि कलमांपायीही नाही. पण मग कशापायी, ते काही सुचेना.

गावात वाद पेटला. सडा आणि राई सगळ्या गावाच्या सामायिक मालकीची, त्यामुळे गावाने एकमुखाने काय ते सांगायचं होतं. मुंबईला नोकरीला असलेले गावकरी सगळे रस्त्याच्या बाजूचे. गावात राहिलेले निम्मे इकडे, निम्मे तिकडे. शिमग्याच्या वेळी पालखी खाली ठेवून भांडणं झाली म्हणे. शेवटी गावच्या मुख्य मानकऱ्याने तोड काढली: आपण भांडून उपयोग नाही, देवाला विचारू, कौल लावू. देव सांगेल तसं.

कौल लावायचा म्हणजे आधी गाऱ्हाणं घालायचं. जमलेल्या सगळ्यांच्या वतीने एकाने देवापुढे उभं राहून काय ती अडचण मोठ्याने सांगायची, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला लोकांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. मग गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आणि त्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यान्‌पिढ्या काकांच्या घराण्याचा.

"बाई, तुम्ही चला," काका मला म्हणाले. मी कशाला? "साक्षीला. गावातला एक पण माणूस धड नाय. तुम्ही बाहेरच्या, तुमचा ह्यात हात नाय." मग थोडं थांबून, "म्हणजे नसावा." एवढा विश्वास त्यांनी आयुष्यात कुणावर टाकला नसेल. मी गेले.

देऊळ माणसांनी भरलेलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मुंबईकर खास सुट्टी काढून आलेले, पांढऱ्या सदऱ्यांत. काका आत शिरले आणि त्यांची तपासणी सुरू झाली. गुरवाच्या तांब्यातलं पाणी हातावर घेऊन बघितलं. वास घेतला. पाकळ्या बोटांत धरून बघितल्या. गुरव बिचारा म्हातारा, तो म्हणाला, "अरे, माझ्यावर पण इश्वास नाय तुझा?" काका म्हणाले, "तुझ्यावर हाय. पाण्यावर नाय." मग त्यांची नजर वर गेली. छताला पंखा गरगरत होता. "हा पंखा कुणी दिला?" मुंबईकरांनी, कुणीतरी म्हणालं. "मुंबईकरांना रस्ता हवा. पंख्याचा वारा उजवीकडं जातो. बंद करा तो."

एक मुंबईकर भडकला. "काका, हद्द झाली तुमची! आता देवावर पण संशय घ्या!"

"घेणार हाय," काका म्हणाले. "तो उजवा खांदा बघ. झिजून गुळगुळीत झालाय. पाकळी टिकायची कशी? पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी देवाला होयच म्हणायला लावलंय."

लोक हसले, रागावले, पण पंखा बंद झाला. भर उन्हाळ्यात, एवढ्या गर्दीत. माझी साडी पाठीला चिकटली. त्या भडकलेल्या मुंबईकराने मोबाइल काढला आणि मोठ्याने म्हणाला, मी सगळं शूटिंग करतो, नंतर कुणी म्हणायला नको की कौल खोटा होता. काकांना ते एकदम पसंत पडलं. "कर. नीट कर."

गुरवाने पाकळ्या लावल्या. काका देवासमोर उभे राहिले, टोपी सारखी केली, हात जोडले. आणि हा किरकिऱ्या, संशयी माणूस असा काही आवाज लावून बोलायला लागला, की अंगावर काटा आला माझ्या.

"हे बा महाराजा, गावाच्या राखणदारा! आज तुझी सगळी लेकरं तुझ्या पायाशी जमलीत."

"व्हय महाराजा!" देऊळ घुमलं.

"कोल्हापुराकडनं मोठा रस्ता येतो म्हणतायत. तुझ्या सड्यावरनं, तुझ्या राईच्या कडेनं येतो म्हणतायत."

"व्हय महाराजा!"

"कुणाला हवा हाय, कुणाला नको हाय. लेकरांत भांडण लागलंय."

"व्हय महाराजा!"

"रस्ता झाला तर घाट जाईल. वळणं जातील. पोराबाळांना गाडी लागायची नाय."

"व्हय महाराजा!"

इथे काका थांबले. मला वाटलं पुढचं आठवत नसेल. लोक वाट बघत राहिले. मग त्यांच्या तोंडून आलं, "मग तरी माझी पोर येईल काय रे, महाराजा?"

"व्हय महाराजा!"

सगळं देऊळ ओरडलं. काय विचारलंय ते कुणी ऐकलंच नव्हतं. वाक्य संपलं की व्हय म्हणायचं, एवढंच लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. मीसुद्धा म्हटलं. म्हणून झाल्यावर कळलं की आपण काय म्हटलं.

काका गर्रकन मागे वळले. "कोण म्हणालं व्हय?"

पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकली.

"कोण म्हणालं? काय ठाऊक हाय रे तुम्हाला? मला सांगा, काय ठाऊक हाय?" आवाज फाटला होता त्यांचा. "आत्ता मी घाटाचं नाव सांगतो. सगळ्यांना सांगतो, घाट हाय म्हणून येत नाय. रस्ता झाला आणि तरी नाय आली, तर मी कुणाचं नाव सांगू? बोला ना आता! म्हणा व्हय!"

बायकांच्या बाजूला कुणीतरी पदर डोळ्यांना लावला. मुख्य मानकरी जागचा उठला आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. तो मघाचा मुंबईकर, तोंड उघडं टाकून, मोबाइल तसाच हातात धरून उभा. मला रविवारचे ते मोठ्या आवाजातले फोन आठवले.

मग गुरवाचा बारीक आवाज आला, "पडल्या की!"

सगळे देवाकडे वळले. दोन्ही पाकळ्या खाली पायाशी पडलेल्या. उजवी आधी की डावी? गुरवानं ठाऊक नाही अशी मान हलवली, तो काकांकडे बघत होता. मानकरी काकांकडे बघत होता. सगळं गाव काकांकडे बघत होतं. मोबाइल आहे, मोबाइल बघा, असा गलका झाला. बघितलं, तर त्यात नुसते काका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत काकांचा चेहरा, देवाचा खांदा औषधालाही नाही. देवानं काय सांगितलं ते देवालाच ठाऊक. सभा मोडली, पुन्हा कधीतरी बसू म्हणून लोक उठले, आणि कुणीतरी पंखा लावला.

परतीच्या गाडीत काका खिडकीला डोकं टेकून बसले. तपासनीस चढला, त्यानं तिकीट मागितलं, तर काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचं तिकीट मी दाखवलं.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. शाळा सकाळची होती. मी दुपारी घरी येऊन जेवायला बसणार तोच फाटकापाशी रिक्षा थांबली. खिडकीतून बघितलं तर एक बाई उतरत होती, कडेवर एक छोटी मुलगी. मुलगी पार मलूल, मान आईच्या खांद्यावर टाकलेली. काका खुर्चीत होते. उठले नाहीत. नुसते बघत राहिले.

बाई पडवीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. "बाबा."

आता कुणीही माणूस काय म्हणेल? ये म्हणेल, बस म्हणेल. काका म्हणाले, "कशी आलीस?"

"एसटीनं."

"घाटातनं?"

"दुसरा रस्ता आहे कुठे?"

"तिकीट बघू."

मी वर कपाळाला हात लावला. म्हटलं, गेली ही आता, आल्या पावली गेली! पण ती त्यांचीच मुलगी. तिने चिडून पर्स उघडली, चिडून तिकीट काढलं आणि त्यांच्या हातावर आपटलं. काकांनी तिकिटाकडे बघितलंच नाही. ते तिच्या डोळ्यांकडे बघत होते.

मग त्यांचं लक्ष नातीच्या फ्रॉककडे गेलं. पुढून सगळा ओकारीने भरलेला, पाण्याने पुसून पुसून डाग पसरलेला. काका खुर्चीतून उठले, जवळ गेले, तो डाग बोटाने चाचपून बघितला. आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला तो अजून दिसतो.

"खरंच लागते की गं हिला गाडी," ते म्हणाले.

"म्हणजे? तुम्हाला काय वाटलं, मी खोटं सांगते?"

काकांचं बोट त्या डागावरच राहिलं. म्हणजे त्यांना तेच वाटलं होतं, इतकी वर्षं, दर रविवारी. तिलाही ते त्या क्षणाला कळलं असावं. ती पायरीवर मटकन बसली आणि रडायला लागली. रडता रडता भांडायलाही लागली, आणि मला बरं वाटलं. "तो व्हिडिओ आला बाबा माझ्याकडे. आमच्या सगळ्या बिल्डिंगनं बघितला. सासूबाईंनी बघितला. त्याच म्हणाल्या, जा आधी. मला नाही यायचं होतं हे खरं आहे. राग होता माझा. पण तुम्ही तरी कुठे आलात? एसटीचा पास आहे तुम्हाला! न्हाव्याकडे चौकशीला येता आलं, माझ्या घरी नाही आलात. आमच्या घरात एकाही कपाटाला कुलूप नाही. येऊन बघायचं होतं."

काकांनी मान खाली घातली. "चुकलंच माझं," म्हणाले. एवढंच, पण स्पष्ट म्हणाले. मग नातीला उचलून आत घेऊन गेले, आणि थोड्या वेळाने न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आणि काकांचं बोलणं यायला लागलं. "नाव काय तुझं? पूर्ण नाव सांग. कुठल्या शाळेत जातेस? बाईंचं नाव काय?" ती पोरगी एकेकाचं चोख उत्तर देत होती.

तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवरून फिरत फिरत कोल्हापूरला गेला होता. काकांचा आजही पक्का समज आहे की मी पाठवला. मी पाठवला नाही. माझ्याकडे त्यांच्या मुलीचा नंबरसुद्धा नव्हता. हे मी त्यांना देवाशपथ सांगितलं, तर म्हणाले, "शपथ कशाला घेता? पाणी मुरतंय."

मुलगी दोन दिवसांनी निघते म्हणाली, ते तिसऱ्या दिवसावर गेलं. पोरीला लगेच पुन्हा घाटात बसवायचं नाही, थोडी ताकद येऊ दे, असं काकांनीच ठासून सांगितलं. घरात पहिल्यांदा एवढा आवाज ऐकला मी. कपाट ते सगळे दिवस सताड उघडं होतं. नातीनं त्यातल्या सगळ्या वस्तू पडवीत आणून मांडल्या होत्या आणि काका त्यांच्यामध्ये मांडी घालून बसले होते. जावयाचा फोन आला तेव्हा काका आत जाऊन हळू आवाजात बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ऐकायचा प्रयत्न केला, नाही असं नाही.

त्यांना गाडीत बसवून द्यायला स्टँडवर मीही गेले. काकांनी ड्रायव्हरला नाव विचारलं, घाट किती वर्षं चालवतोस विचारलं, नातीला पुढची खिडकी मिळवून दिली, आल्याचा तुकडा आईच्या हातात दिला. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी तिथेच उभे. परत रिक्षात बसलो तेव्हा मी म्हटलं, चला, आता विषय काढायला हरकत नाही.

"काका, गावात परत कौल लावायचं चाललंय. आता तरी रस्त्याला हो म्हणाल ना? आता काही भीती राहिली नाही तुमची."

काकांनी आधी रिक्षावाल्याकडे बघितलं. मागे बघितलं. मग माझ्याकडे झुकून, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "आता तर मुळीच नाय. कुणाला सांगू नका. रस्ता झाला ना बाई, की सकाळी येईल, जेवेल आणि संध्याकाळी परत जाईल. घाट हाय, म्हणून राहिली."